शेक्सपिअरची सही

प्रश्न : शेक्सपिअर स्वतःचं नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहायचा म्हणतात. त्याला स्पेलिंग येत नव्हतं का?

उत्तर : येत नव्हतं असं कृपया म्हणू नका! त्याच्या सहा सह्या उरल्या आहेत आणि आजचं स्पेलिंग त्यांपैकी एकीतही नाही. पण चूक ठरवायला आधी नियम हवा, तो तेव्हा नव्हताच. लोक कानाला पटेल तसं लिहीत. रॉबर्ट कॉड्रीचा 1604 चा इंग्रजी शब्दकोश घ्या : मुखपृष्ठावरच ‘वर्ड्स’ एकदा ‘ई’ अक्षरासह, एकदा त्याविना! मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, तरी या पानावर लाल पेन्सिल चालवायला माझा हात धजणार नाही. सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला 1755 मध्ये. तोवर छापखान्यांनी बरंचसं स्पेलिंग स्थिर केलं होतं. खासगी पत्रांत मात्र मोकळीक टिकून होती.