दाताच्या दवाखान्यात काउंटरवर नवीन लागलेल्यांसाठी
नौपाड्यातल्या छोट्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या सगळ्यांना सगळं ऐकू जातं. म्हणून 'रूट कॅनलवाले कोण?' असं ओरडू नकोस. 'काका, आत या' म्हण. बाकी राहिलेल्या पैशांचं बोलणंही हळू आवाजात. उशीर होणार असेल तर आपणहून सांग, किती मिनिटं तेही. लोक उशिरापेक्षा न सांगण्यावर जास्त चिडतात.

खुर्ची मागे नेण्याआधी सांग. काम झाल्यावर आजी-आजोबांना एकदम उठवू नकोस. आडवं राहून झटकन उठलं की रक्तदाब उतरतो, चक्कर येते. खुर्ची सरळ करून २ मिनिटं बसू दे, चष्मा-काठी हातात दे.

आणि लहान मुलाच्या खालच्या जबड्याला भूल दिली असेल तर आईला सांगितल्याशिवाय सोडू नकोस: ओठ २ ते ४ तास बधिर राहतो, मूल तो चावून सुजवून घेतं. तोवर खायला द्यायचं नाही.