घरात आजारपण, हातात मोजके पैसे: सावकाराकडे जाण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. यजमानांना महिन्यापूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, टेंपो दारात उभा आहे आणि तुमच्या शिवणकामाच्या नऊ-दहा हजारांत चौघांचे पोट, औषधे व घरभाडे भागवायचे आहे. गावातले एक गृहस्थ शेकडा पाचने पन्नास हजार द्यायला तयार आहेत, ते घ्यावेत का, आणि नातेवाइकांच्या कानावर न जाता हे दिवस कसे काढावेत, असे तुम्ही विचारले आहे.

ते पैसे घेऊ नका. आणि कोणाला कळू न देण्याचा विचारही सोडून द्या. मला विचाराल तर दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, कारण सावकाराच्या दारात माणसाला पुष्कळदा गरजेपेक्षा लाजच नेऊन उभी करते.

हे मी अनुभवाने सांगते. २०११ साली सोलापुरात आमच्या घरी हेच घडले. यजमान पडले तेव्हा मी चार महिने माझ्या सख्ख्या भावालाही खरे सांगितले नाही; फोन आला की ‘बरे आहे, थोडा अशक्तपणा आहे’ एवढेच म्हणत असे. त्या चार महिन्यांत मी शेकडा पाचने चाळीस हजार उचलले. दरमहा दोन हजार व्याज जाई आणि वीस महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा चाळीस हजार व्याजापोटीच गेले होते, मुद्दल मात्र जिथल्या तिथे होते. शेवटी भावाला या कर्जाचेही कळले. तो रागावला तो मी पैसे उचलले म्हणून नव्हे, त्याला परके मानले म्हणून, आणि त्या रागापुढे मला काही बोलता आले नाही. त्याने व त्याच्या दोन मित्रांनी मिळून मुद्दल फेडले. ते मी त्यांना तीन वर्षांत बिनव्याजी परत केले.

शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, हे कागदावर लिहून पाहा. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो, २०१४ च्या कायद्यानुसार शासनाने व्याजाचे दर बांधून दिले आहेत, आणि शेतकरी नसलेल्या कर्जदाराला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के व तारण असल्यास १५ टक्के एवढीच मर्यादा ठरवलेली आहे. कोणी याहून जास्त मागत असेल किंवा परवानाच नसेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही मात्र काही झाले तरी करू नका.

सोन्याबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. उत्पन्न पुन्हा कधी सुरू होईल याची खात्री नसताना सगळे दागिने गहाण टाकून दर वर्षी नूतनीकरण करत बसण्यापेक्षा एक दागिना सरळ मोडावा आणि बाकीचे कपाटात राहू द्यावेत. गहाण सोडवण्याइतके पैसे कोठून येणार, हे आज सांगता येत असेल तरच तारण ठेवावे, आणि तेही बँकेत.

आता दवाखाना. पुन्हा भरती करण्याची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेले रुग्णालय निवडा. ही योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, खिडकीपाशी जायचे, अनामत भरण्यापूर्वी. योजनेबाहेरचा उपचार असेल तर धर्मादाय रुग्णालयाचा विचार करा. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, आणि वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांच्या आत असेल तर पहिल्या व ३,६०,००० च्या आत असेल तर दुसऱ्या गटात रुग्ण बसतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. रुग्ण भरती झाल्यावर त्यासाठी धावपळ करण्याइतके वाईट काही नाही.

रोजच्या गोळ्या मात्र आपल्याच खिशातून आणाव्या लागतात, आणि पैसे वाचवायला लोक नेमक्या त्याच आधी बंद करतात. कृपा करून तसे करू नका. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुटली की दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहायला सांगा आणि ती चिठ्ठी जनऔषधी केंद्रात दाखवा. तेथे हीच औषधे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

व्यायामासाठी रोज तज्ज्ञाला घरी बोलावणे आपल्याला झेपणारे नाही. आम्ही आठवड्यातून एकदा जात असू आणि त्यांनी शिकवलेले सहाही दिवस घरी करत असू. सकाळी भाकरीचे पीठ मळताना मी लिंबाएवढा गोळा त्यांच्या लुळ्या हातात देत असे; तो दाबायचा, लांबवायचा, पुन्हा गोल करायचा. दुपारी एका वाटीतले वाल एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात तीन दाणे पडले होते. पाचव्या महिन्यात पूर्ण वाटी रिकामी झाली, तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून ती दाखवली. हालचाली कोणत्या करायच्या हे तुमच्या तज्ज्ञांना विचारूनच ठरवा, कारण खांदा चुकीचा ओढला तर दुखणे वाढते. पुढे स्थिती स्थिरावल्यावर दिव्यांगत्वाचा दाखला काढा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते आणि या फेऱ्यांचा खर्च पुष्कळ उतरतो.

घरमालक आणि वाण्याकडे तारीख उलटण्यापूर्वी स्वतः जा. ‘या महिन्यात अर्धे भाडे देते, उरलेले दिवाळीपर्यंत हप्त्याने’ असे आकडा सांगून बोललेले माणसे ऐकतात. दार चुकवून जाणाऱ्याचा मात्र विश्वास जातो. टेंपोवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेला लेखी कळवा, आणि ओळखीच्या एखाद्या चालकाला तो चालवायला देता येतो का ते पाहा. उभ्या गाडीचाही विमा भरावाच लागतो.

शेवटी तुमच्या बारावीतल्या मुलीबद्दल. तिला काही सांगू नये, पुढे शिक्षण थांबवावे लागले तर तेव्हा बघू, असे तुम्ही लिहिले आहे. शिक्षण थांबवण्याचा विचार एवढ्यात करू नका. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन पूर्ण माफ करते. आणि तिला सांगाच. आमचा मुलगा तेव्हा नववीत होता. आम्ही काही बोललो नाही, तर त्याने स्वतःच अंदाज बांधला की बाबा आता जगणार नाहीत, आणि तो रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे का ते पाहत असे. हे मला त्याच्या वर्गशिक्षिकांकडून कळले. त्या रविवारी आम्ही तिघे बसलो, खर्चाची वही त्याच्यापुढे ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून दूध, औषध, गॅस, व्याज हे सगळे तोच त्याच्या अक्षरात लिहू लागला. भावाला फोन करायलाही त्यानेच मला लावले.