पहाटेची धडधड आणि अर्ध्या गोळीचा हिशेब

प्रश्न : माझं वय ४८. सहा वर्षांपूर्वी घरात लागोपाठ दोन मृत्यू झाले, तेव्हा डॉक्टरांनी चिंता कमी करणारी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम सकाळी एक आणि रात्री एक अशी सुरू केली. नंतर तीच चिठ्ठी दाखवून मी गोळ्या आणत राहिले. गेल्या महिन्यात मनाचा हिय्या करून एकदम बंद केल्या. तिसऱ्या दिवसापासून हात थरथरायला लागले, साधा भांड्याचा आवाज डोक्यात जायचा, तोंडात धातूसारखी चव आणि डोळ्याला डोळा नाही. घाबरून पुन्हा सुरू केल्या. मिस्टर म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ, मन घट्ट कर. पण आता गोळी चालू असतानाही पहाटे चार-साडेचारला छातीत धडधडून जाग येते. म्हणजे माझा आजारच वाढला का? गोळी कधी सुटणारच नाही का?

उत्तर : ताई, आधी हे सांगतो, की पुन्हा सुरू केल्यात ते बरं केलंत. इतकी वर्षं रोज घेतलेली ही गोळी एका झटक्यात थांबवली तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्टासारखा बरळू शकतो, क्वचित जिवावरही बेततं. यात निग्रहाचा संबंध नाही. ज्याला आयुष्यात कधी फिट आलेली नाही त्यालाही ती येऊ शकते.

असं का होतं? मेंदूत गाबा नावाचं रसायन आहे, त्याचं काम ब्रेक लावण्याचं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या सगळ्या बहिणी-बहिणी त्या ब्रेकचा जोर वाढवतात. रोजच बाहेरून मदत मिळते म्हटल्यावर मेंदू स्वतःचा जोर कमी करतो. मग गोळी अचानक काढून घेतली की काही काळ ब्रेकच लागत नाही. आवाज टोचणं, धातूची चव, स्नायू फडफडणं ही त्याचीच लक्षणं. मला सांगा, सहा वर्षांपूर्वी, गोळी सुरू होण्याआधी, तुमच्या तोंडाला धातूची चव यायची का? बहुधा नाही. जुनी चिंता परत येते तेव्हा ती जुन्याच रूपात आणि सावकाश येते. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत जी नवीनच लक्षणं उगवतात, ती गोळी सुटल्याची असतात. हा फरक मिस्टरांना जरूर वाचून दाखवा.

आता पहाटेची धडधड. अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरणारी गोळी आहे. सरासरी अकरा तासांत रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. रात्री जेवणानंतर घेतलेल्या गोळीचा जोर पहाटेपर्यंत ओसरतो आणि सकाळची अजून पोटात गेलेली नसते. पहाटेची आणि दोन गोळ्यांच्या मधली ही अस्वस्थता औषधाच्या माहितीपत्रकातही नोंदलेली आहे. आजार वाढला म्हणून गोळी वाढवायची, असा समज इथेच होतो, आणि कित्येकांचा डोस असाच चढत जातो. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभरात बरं वाटत असेल, तर संशय गोळीवरच घ्या. अशा वेळी डोस न वाढवता तेवढंच औषध दिवसात तीन-चार वेळा विभागून देता येतं. गोळी सुटते ती डोस हळूहळू कमी करत; तसं कमी करायला लागण्यापूर्वी डॉक्टरांशी हेच आधी बोला. काही जणांना ते डायझेपामसारख्या सावकाश उतरणाऱ्या गोळीवर नेतात. तो बदल मात्र स्वतः करू नका. कुठली गोळी कितीच्या बरोबरीची, याचे तक्तेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि यकृताचा त्रास असेल तर डायझेपाम अंगात साठत राहते.

कमी किती करायचं? अमेरिकेतल्या व्यसनचिकित्सा तज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ साली इतर संघटनांसोबत जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के असा वेग सांगितला आहे. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर तर जायचंच नाही. ही टक्केवारी *त्या वेळच्या* डोसची धरायची, आणि लोक नेमके इथे फसतात. तुमचा डोस दिवसाला १ मिलिग्रॅम. ०.२५ च्या गोळीचा अर्धा तुकडा म्हणजे ०.१२५. आज तेवढं कमी केलं तर आठवा हिस्सा गेला, म्हणजे १० टक्क्यांच्या थोडंच वर. पण ०.२५ वर पोचल्यावर तोच तुकडा कमी केला तर निम्मा डोस गेला! ‘आता काय, एवढीशीच राहिली’ म्हणत लोक शेवटचा तुकडा फेकून देतात आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. शेवटचा टप्पा सगळ्यात लांबवायचा. तिथे गोळीचे तुकडे पुरत नाहीत. पातळ औषध किंवा आणखी कमी ताकदीची गोळी लागते, त्याची सोय डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. एक ध्यानात ठेवा, पाकिटावर एसआर किंवा एक्सआर लिहिलेली, म्हणजे अंगात सावकाश औषध सोडणारी गोळी मोडायची नाही.

हे सगळं किती महिने चालेल? सहा वर्षांच्या सवयीला वर्षभर लागलं तरी मी त्याला उशीर म्हणणार नाही. त्रास लाटांसारखा येतो. लाट मोठी असेल तर आहे त्याच डोसवर आणखी दोन-तीन आठवडे थांबा. मनानेच एक दिवस जास्त, एक दिवस कमी, हा खेळ मात्र नको. झोप येत नाही म्हणून रात्री दारू, हे तर अजिबात नको. तीही त्याच ब्रेकवर काम करते. आणि दुसऱ्या कुठल्या कारणासाठी औषध लिहून घेताना ही गोळी चालू असल्याचं सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरच्या काही औषधांनी अल्प्राझोलाम रक्तात वाढते, कार्बामाझेपिनने घटते.

गोळी कमी होत असतानाच विचार आणि वर्तनावर काम करणारी थेरपी, म्हणजे सीबीटी, घेतली तर फायदा होतो. त्या दोन मृत्यूंबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत. तिथे बोलायचं राहून गेलेलं बरंच असेल असं वाटतं.

तुम्ही व्यसनी आहात का, असं पत्रात कुठे लिहिलं नाहीत, पण तो प्रश्न मला दिसला. सांगितली तशी गोळी घेतलीत, शरीर तिला सरावलं, इतकंच. या जातीची पहिली गोळी १९६० साली बाजारात आली. दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका, हे ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना बजावलं ते १९८८ साली. आमच्याच धंद्याला कळायला इतकी वर्षं लागली, आणि अजूनही चिठ्ठ्या चालूच आहेत.

कधी फिट आली असेल, दारू रोजची असेल, गर्भारपण असेल किंवा सोबत अफूवर्गातलं वेदनाशामक चालू असेल, तर घरच्या घरी डोस कमी करायला घेऊ नका; तुम्हाला यातलं काही असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. मिस्टरांना एक काम द्या : वहीत रोज डोस, झोप आणि पहाटेची वेळ लिहायची, आणि तुम्ही असंबद्ध बोलायला लागलात, नसलेलं काही दिसायला लागलं, अंगाला झटके आले किंवा जगणं नको असं तोंडून निघालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.