प्रसाद देवाला चढवत नाहीत

प्रश्न असा आला आहे : सोसायटीच्या गणपतीच्या फलकावर ‘सायंकाळी ७ वाजता बाप्पाला प्रसाद चढवला जाईल’ असं लिहिलं होतं. एका आजींनी हरकत घेतली, तर तरुण मंडळी म्हणाली, ‘अर्थ तोच ना?’ नैवेद्य, प्रसाद आणि भोग हे समानार्थी आहेत का, आणि इतर धर्मांत याला काय म्हणतात?

आजींचं बरोबर आहे. एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत आणि गणेशोत्सवाचे दहा दिवस त्या दोन्ही मी ध्वनिक्षेपकावरून ऐकत असतो.

‘चढवणे’ ही हिंदीची उसनवारी. मराठीत प्रत्येक उपचाराला त्याचं स्वतःचं क्रियापद आहे. फूल वाहतात, दिवा ओवाळतात, नारळ वाढवतात, ओटी भरतात, नवस फेडतात, नैवेद्य दाखवतात. चढवतात ती दर्ग्यातली चादर, आणि तिथे तो शब्द चपखल आहे. एवढी श्रीमंती हाताशी असताना सगळ्याला एकच ‘चढवणे’ लावणं म्हणजे घरातली भांडी फेकून एका पातेल्यात सगळा स्वयंपाक करणं.

दुसरी चूक जास्त गंभीर. प्रसाद देवाला देताच येत नाही, कारण तो देवाकडून येतो. प्र + सद्, म्हणजे खाली बसणं, स्थिर होणं, निवळणं. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घातलं की गाळ तळाला बसतो आणि पाणी स्वच्छ होतं. त्या बीला मनुस्मृतीत ‘अम्बुप्रसादक’ म्हटलं आहे : पाण्याला प्रसन्न करणारं. ‘प्रसन्न’ त्याच धातूचा. देवाचं मन निवळलं, तो प्रसन्न झाला, की त्याच्याकडून जे मिळतं तो प्रसाद. या शब्दाचं प्राकृतातून आलेलं रूप आपण रोज म्हणतो, फक्त ओळखत नाही. पाद या शब्दातला द गळून पाय झाला, तसा प्रसादातला द गळून पसाय झाला. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीच्या शेवटी हा क्रम स्वच्छ मांडून ठेवला आहे : ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें । तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥’ आधी यज्ञ, मग तोष, मग पसाय. ही ओवी ज्याला पाठ आहे त्याच्या हातून ‘बाप्पाला प्रसाद’ लिहिलं जाऊ नये.

आता माझ्या आवडीचा शब्द. नैवेद्य. बरेचजण ‘देवाला अर्पण करायचा पदार्थ’ एवढं सांगून मोकळे होतात आणि शब्दातलं खरं सोनं तसंच ठेवून देतात. या शब्दात अन्न नाहीच! विद् म्हणजे जाणणं. वेद, विद्या, विद्वान हे सगळे त्याचेच. त्याचं प्रयोजक रूप ‘निवेदयति’ म्हणजे जाणवून देणं, कळवणं. अर्पणाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. नैवेद्य म्हणजे मुळात जाणवून द्यायची गोष्ट. आकाशवाणीचा निवेदक आणि ताटातला नैवेद्य हे एका आईचे.

म्हणूनच मराठीतलं ‘दाखवणे’ मला इतकं मोलाचं वाटतं. हिंदीत भोग ‘लगाते हैं’. भोग हा भुज् धातूचा, नजर खाण्या-उपभोगण्यावर. मराठी माणूस ताट समोर ठेवतो, पाण्याचं मंडल करतो, तुळशीच्या पानाने पाणी फिरवतो आणि दाखवतो. माझं ठाम मत आहे की ‘दाखवणे’ हे ‘निवेदयति’चं घरगुती मराठी आहे. पूजा सांगणारे संस्कृतात ‘निवेदयामि’ म्हणत राहिले आणि स्वयंपाकघरातल्या बायकांनी त्याचा नेमका अर्थ आपल्या क्रियापदात धरून ठेवला.

गावाकडचा ‘निवद’ घ्या. काही अभ्यासक ठासून सांगतात की निवद हाच अस्सल, जुना प्राकृत शब्द आणि नैवेद्य हे नंतरचं संस्कृतीकरण. गावच्या शब्दांवरचं प्रेम मलाही आहे, पण ध्वनींचे नियम प्रेमाने वाकत नाहीत. द्य चा प्राकृतात ज्ज होतो : अद्यचा अज्ज, मग आज. त्या वाटेने नैवेद्य आला असता तर त्यात ज दिसला असता, आणि जुन्या हिंदीत तो दिसतोच : नेवज. निवदात द शाबूत आहे, म्हणजे तो संस्कृतातून उशिरा उचललेला आणि बोलण्यात झिजलेला शब्द. वैद्यचा वैद झाला तसा. त्याने तो अशुद्ध ठरत नाही. ‘निवद दावला’ हे ‘प्रसाद चढवला’पेक्षा शंभर पटींनी शुद्ध मराठी आहे.

इतर धर्मांचं विचारलंत. तिथे मला एक गोष्ट सारखी दिसते : यातल्या मोठ्या शब्दांमध्ये ‘देणे’ नाही. लॅटिन ‘ऑफेरे’, ज्यातून इंग्रजी ऑफरिंग आलं, म्हणजे समोर आणणं; त्यातलं ‘फेरे’ आपल्या भृ धातूचं सख्खं. ग्रीक ख्रिस्ती परंपरेत वेदीवर न्यायच्या पावाला ‘प्रोस्फोरा’ म्हणतात, तोही ‘जवळ आणलेला’. आपलं अर्पण हे ऋ म्हणजे जाणं याचं प्रयोजक : पोचवणं. आणि फूल ‘वाहणे’ म्हणजे तर उघडच वाहून नेणं. अपवाद आहे, हिब्रूतल्या धान्यार्पणाचं नाव ‘मिन्हा’, म्हणजे भेट. पण त्याच हिब्रूतला व्यापक शब्द ‘कोरबान’, आणि त्याचा धातू जवळ येण्याचा. अरबी ‘करीब’ तिथलाच. केरळातले सिरियाई ख्रिस्ती आपल्या मुख्य उपासनेला ‘कुर्बाना’ म्हणतात, आणि बकरी ईदची ‘कुर्बानी’ त्याच घरातली. तेव्हा ‘कुर्बानी म्हणजे बळी’ हे जे भाषांतर सर्रास छापलं जातं ते शब्दाचा गाभा सोडून देतं. कुराणात (२२:३७) स्पष्ट आहे की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची तक्वा, म्हणजे ईश्वराची भीड बाळगणारी भक्ती. पुन्हा तेच, पोचणं.

आणि दाखवण्याचं म्हणाल तर प्राचीन यहुदी उपासनेत बारा भाकरी, सहा-सहाच्या दोन ओळींत, देवासमोर मांडून ठेवत. दर शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, ताज्या ठेवायच्या आणि आधी ठेवलेल्या भाकरी याजकांनी खायच्या. हिब्रूत त्या ‘लेहेम हपानीम’, म्हणजे मुखासमोरची भाकर. बायबलचं जर्मन भाषांतर करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने त्यांना ‘शाऊब्रोट’ म्हटलं : दाखवायची भाकर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून आईच्या नैवेद्याच्या ताटाचा विचार करत बसलो होतो.

दर्ग्यातही जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या वस्तूची नावं वेगळी आहेत. नियाज करतात, वाटला जातो तो तबर्रुक. तबर्रुक हा बरकतचा भाऊ, आणि हिब्रूतला आशीर्वाद म्हणजे ‘बराखा’ हाही त्यांचा नातलग. ही नाती आपल्या कोकणात एका तबकात दिसतात. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी यहुदी मंडळी, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, सुकामेवा, भोवती फळं. त्यावर हिब्रू बराखा म्हणतात आणि मग सगळ्यांना वाटतात. अलिबागजवळ खंडाळे गावी एलियाहूच्या रथाची खूण मानलेल्या खडकाशीही नवस फेडायला मलिदा होतो, आणि इस्राएलला गेलेल्या मराठी घरांतही तो होतो. शब्द फारसी, ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, कुस्करणं. दर्ग्यातला मलिदा कुस्करलेल्या पोळीचा, गूळ-तूप घातलेला, नाव तेच.

आणि वर्तमानपत्रं या शब्दाचं काय करतात? ‘ठेकेदारांनी मलिदा लाटला’, ‘मलिद्यासाठी रस्सीखेच’. हा वापर आता कोशांत शिरला आहे हे मला माहीत आहे, तरी माझा विरोध कायम आहे. पैसे खाण्याला मराठीत शब्दांची वाण नाही : चिरीमिरी आहे, हप्ता आहे, वरकमाई आहे, टक्केवारी आहे. त्यातला कुठलाही घ्या. मलिदा ज्यांचा आहे त्यांच्या तबकात राहू द्या.

फलकावर लिहा : ‘सायंकाळी ७ वाजता नैवेद्य व आरती. नंतर प्रसादवाटप.’