ईमॅक्समध्ये प्रॉम्प्टच्या आत प्रॉम्प्ट उघडला की कमांड हिस्टरी बिघडते का?

तुमचं म्हणणं असं की ईमॅक्स या एडिटरमध्ये एनेबल-रिकर्सिव्ह-मिनीबफर्स हे सेटिंग (मिनीबफर म्हणजे तळाची, प्रॉम्प्ट दिसणारी ओळ; तिच्यात असतानाच दुसरा प्रॉम्प्ट उघडू देणारं) टी, म्हणजे चालू, केल्यापासून हिस्टरीचा क्रम उलटा दिसतो, मेटा-पी (हिस्टरीत मागे नेणारी की) दाबल्यावर भलत्याच ओळी येतात आणि काही ओळी तर कुठेच सापडत नाहीत. शेवटी विचारलंय की हे सेटिंग परत निल, म्हणजे बंद, करून टाकावं का.

नाही. मुळीच करू नका.

इतकं ठाम सांगतोय, कारण नेमक्या याच गोष्टीवरून माझा एका सिनियरशी मोठा वाद झाला होता. तो वाद आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

तेव्हा आमच्या टीममध्ये सगळ्यांसाठी एक सामायिक इनिट फाइल (ईमॅक्स सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) होती. ती या सिनियरने लिहिलेली, आणि तीत त्याच्या बऱ्याच छोट्या छोट्या कमांडी होत्या. त्यातली एक कमांड मिनीबफरमध्ये मजकूर विचारायची, त्याच्या मागच्यापुढच्या रिकाम्या जागा छाटायची आणि मग पुढचं काम करायची. मी रोज वापरायचो ती. एके दिवशी तिच्या प्रॉम्प्टमध्ये मजकूर लिहितानाच मला एक हिशेब लागला. मेटा-कोलन (ईमॅक्सच्या लिस्प भाषेतलं एक्स्प्रेशन चालवणारी की) दाबून आतच दुसरा प्रॉम्प्ट उघडला आणि मॅपकॉनकॅट या फंक्शनचं चांगलं लांबलचक एक्स्प्रेशन लिहिलं. त्यात चार-पाच अटी होत्या, एकेक तपासत बसवलेल्या. एंटर दाबलं, उत्तर बरोबर आलं, ते बाहेरच्या प्रॉम्प्टमध्ये टाकलं आणि काम संपवलं.

तासाभराने तेच एक्स्प्रेशन दुसऱ्या फाइलसाठी हवं होतं. मेटा-कोलन, मेटा-पी. नाही. पुन्हा मेटा-पी, पुन्हा. सकाळची एक्स्प्रेशन्स होती, आदल्या दिवशीचीही होती, तेवढं हेच नव्हतं. मेटा-आरने शोधलं, तरी नाही. शेवटी आठवून पुन्हा लिहिलं, त्यात एक अट राहिली, आणि चुकीची फाइल पुढे गेली. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा सिनियर सगळ्यांसमोर म्हणाला, "रिकर्सिव्ह मिनीबफर चालू ठेवलं की असंच होणार. डिफॉल्ट निल आहे ते उगीच नाही. आतला प्रॉम्प्ट बाहेरच्याची हिस्टरी खातो."

हे मला पटलं नाही. चूक माझी होती, अट मी विसरलो, ते मी तिथेच कबूल केलं. पण "हिस्टरी खातो" म्हणजे नक्की कसं? कोण खातं, कुठे खातं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला एकदा कधीतरी तसा अनुभव आला होता, एवढंच.

मग मी त्या संध्याकाळी बसून तपासलं. आधी हिस्टरी-लेंग्थ, म्हणजे यादीत किती ओळी ठेवायच्या ते सेटिंग, पाहिली. ती 100 होती, म्हणजे एका तासात ओळ बाहेर ढकलली जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच त्या ओळी काढून टाकणारं हिस्टरी-डिलीट-डुप्लिकेट्स निल. मग साधा प्रयोग केला. फाइल उघडायच्या प्रॉम्प्टमध्ये असतानाच मेटा-कोलन, तीन अधिक चारचं एक्स्प्रेशन, एंटर, आणि मग बाहेरचा प्रॉम्प्ट कंट्रोल-जीने सोडून दिला. आता बफरमधून मेटा-कोलन, मेटा-पी. तीन अधिक चार जसंच्या तसं हजर! बाहेरचा प्रॉम्प्ट मी रद्द केला होता, तरीही आतली ओळ टिकली होती. मग तोच प्रयोग सिनियरच्या कमांडच्या प्रॉम्प्टमध्ये, पाच अधिक सहा घेऊन केला. ओळ गायब.

म्हणजे दोष प्रॉम्प्टच्या आत प्रॉम्प्ट असण्यात नव्हता, त्या एका कमांडमध्ये होता. तिचा कोड उघडला. न छाटलेला मजकूर हिस्टरीत जाऊ नये म्हणून त्याने लेटमध्ये (व्हेरिएबलला तात्पुरती किंमत देणाऱ्या रचनेत) हिस्टरी-ॲड-न्यू-इनपुट, म्हणजे नवी ओळ हिस्टरीत घालायची की नाही हे ठरवणारं व्हेरिएबल, निल बांधलं होतं, त्याच्या आत प्रॉम्प्ट दाखवणारं रीड-फ्रॉम-मिनीबफर बोलावलं होतं आणि छाटलेला मजकूर शेवटी ॲड-टू-हिस्टरीने स्वतः भरला होता. हेतू चांगलाच होता. पण हा व्हेरिएबल डायनॅमिक आहे. ते लेट संपेपर्यंत जे जे काही चालतं, त्या सगळ्याला तो निलच दिसतो. माझं मेटा-कोलन नेमकं त्याच वेळात चाललं, त्यामुळे माझं एक्स्प्रेशन हिस्टरीत कधी गेलंच नाही. कुणी खाल्लं नव्हतं, ते लिहिलंच गेलं नव्हतं.

मी हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "फाइलच्या वर लेक्सिकल-बाइंडिंग टी आहे, असं होऊच शकत नाही." लेक्सिकल म्हणजे लेटची किंमत फक्त त्याच्या आत लिहिलेल्या कोडलाच दिसते. तरी होऊ शकतं. डेफव्हारने घोषित केलेले व्हेरिएबल लेक्सिकल-बाइंडिंग चालू असलं तरी डायनॅमिकच राहतात. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सामायिक फाइलमध्ये एक ओळ वाढवली: एनेबल-रिकर्सिव्ह-मिनीबफर्स निल. स्वतःची कमांड मात्र तशीच ठेवली. मला राग आला तो याचा. दुरुस्ती तीन ओळींची होती, तीही मी लिहून दिली होती: हिस्टरी-ॲड-न्यू-इनपुटला हातच लावायचा नाही, खऱ्या हिस्टरीची यादी एका तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये घ्यायची आणि प्रॉम्प्टला हिस्टरी म्हणून त्या तात्पुरत्याचं नाव द्यायचं. मेटा-पीने जुन्या ओळी मिळतात, न छाटलेला मजकूर तात्पुरत्या यादीबरोबर जातो, छाटलेला आपण खऱ्या यादीत भरतो. आतल्या प्रॉम्प्टची यादी वेगळीच असल्यामुळे तिला धक्काही लागत नाही.

आता तुमच्या तक्रारींकडे येतो.

क्रम उलटा दिसतो कारण नोंद प्रॉम्प्ट उघडताना होत नाही, एंटर दाबल्यावर होते. आतला प्रॉम्प्ट आधी संपतो म्हणून त्याची नोंदही आधी होते, बाहेरच्याची नंतर. कमांड-हिस्टरी म्हणून जी यादी आहे, म्हणजे कंट्रोल-एक्स एस्केप एस्केप दाबल्यावर जी येते, तिथेही हेच: कमांडचे सगळे आर्ग्युमेंट वाचून झाले की नोंद. त्यामुळे फाइल उघडता उघडता मध्येच एक्स्प्रेशन चालवलंत, तर सर्वांत वर फाइल उघडण्याची कमांड दिसेल आणि तिच्या खाली एक्स्प्रेशन. सुरुवात कशाची आधी झाली, याच्याशी त्या यादीला देणंघेणं नाही. मला हा क्रम योग्यच वाटतो.

भलत्या ओळी येतात कारण यादी एकच नाही. फाइलच्या नावांची वेगळी, मेटा-एक्सने नाव देऊन चालवलेल्या कमांडींची वेगळी, मेटा-कोलनची वेगळी, शेल कमांडची वेगळी. तुम्ही आतल्या प्रॉम्प्टमध्ये आहात हे लक्षात न राहता मेटा-पी दाबलंत की त्या आतल्याची यादी येणार. मिनीबफर-डेप्थ-इंडिकेट-मोड चालू करा. आत गेलं की प्रॉम्प्टच्या आधी कंसात 2, 3 असा आकडा दिसतो. बाहेरच्या प्रॉम्प्टमध्ये तुम्ही यादीत मागे कुठवर गेला होतात ती जागा ईमॅक्स जपून ठेवतं, आतून परत आलात की तिथूनच पुढे.

गायब ओळींची कारणं दोन. एक वर सांगितलं. दुसरं कंट्रोल-जी. प्रॉम्प्ट रद्द केला की त्यात लिहिलेलं ईमॅक्स हिस्टरीत ठेवत नाही, मग तो प्रॉम्प्ट आतला असो नाहीतर एकटा. सवयीने दोन-तीनदा कंट्रोल-जी दाबलं जातं, पहिल्याने आतला जातो, दुसऱ्याने बाहेरचा, आणि बोल मात्र प्रॉम्प्टच्या आत प्रॉम्प्ट असण्याला लागतो. व्हिम या दुसऱ्या एडिटरमध्ये कोलन देऊन काही लिहिलं आणि एस्केप दाबलं, तरी ती ओळ हिस्टरीत राहते. या बाबतीत व्हिमचं वागणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आणि "दुसरे एडिटर असलं काही करत नाहीत" हेही तो सिनियर म्हणायचा, तेही खरं नाही. व्हिममध्ये कमांड लिहिताना कंट्रोल-आर आणि मग बरोबरचं चिन्ह दाबा: आत एक्स्प्रेशनचा प्रॉम्प्ट उघडतो, त्याची हिस्टरी स्वतंत्र असते, आणि बाहेरच्या ओळीत एक्स्प्रेशनचं फक्त उत्तर येतं. ईमॅक्सचं तर विचारूच नका. हिस्टरीत शोधणारं मेटा-आर स्वतःच मिनीबफरच्या आत दुसरा मिनीबफर उघडतं, आणि त्यासाठी ते सेटिंग तेवढ्यापुरतं स्वतः टी करून घेतं. तुम्ही निल ठेवलंत तरी. हिस्टरी शोधण्यासाठी जे लागतं ते हिस्टरी बिघडवतं, असं कसं म्हणायचं?

एक-दोन गोष्टी राहिल्या. डायनॅमिक बाइंडिंगचा माझा किस्सा ईमॅक्स 28 च्या आधीचा आहे. 28 मध्ये मिनीबफर हाताळण्यात बरेच बदल झाले. सर्वांत आतल्या सोडून दुसऱ्याच प्रॉम्प्टमध्ये उभं राहून कंट्रोल-जी दाबलंत तर आता ते आधी विचारतं, कारण त्याच्या आतले सगळेच जाणार असतात. तिथे घाईत हो म्हणू नका. ईमॅक्स नुकतंच शिकत असाल तर काही दिवस निल ठेवायलाही माझी हरकत नाही. प्रॉम्प्टमध्ये अडकल्यासारखं वाटतं तेव्हा "मिनीबफरमध्ये असताना मिनीबफर वापरू पाहताय" हा एररच सोयीचा पडतो. आणि सेव्हहिस्ट-मोड फक्त यादीत असलेलंच डिस्कवर ठेवतो, यादीत न गेलेली ओळ तोही परत आणू शकत नाही.

तुमच्याकडे ज्या ओळी येत नाहीत त्या कोणत्या कमांडच्या प्रॉम्प्टमधून लिहिल्या होत्या ते आठवा, आणि तीन अधिक चारचा प्रयोग आधी फाइलच्या प्रॉम्प्टमध्ये व मग त्या कमांडमध्ये करून बघा. पहिल्यात ओळ टिकली आणि दुसऱ्यात नाही, तर कंट्रोल-एच एफने त्या कमांडचा कोड उघडा आणि हिस्टरी-ॲड-न्यू-इनपुट शोधा. सापडलं तर दुरुस्ती ज्याने ती लिहिली त्याच्याकडून करून घ्या. तुमच्या इनिट फाइलमधलं टी तसंच राहू द्या.