ठरावात 'वळण' लिहू नका, किलोमीटर लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव सज्जनगडाच्या पुढे, ठोसेघरच्या वाटेवर. पावसाळ्यात शनिवार-रविवारी एमएच-१२ आणि एमएच-१४ च्या गाड्यांची रांग लागते, एसटी अडकते, आणि शाळेजवळच्या वळणावर या वर्षी तीन दुचाक्या घसरल्या. ग्रामपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही, पंचायत समिती म्हणते बांधकामकडे जा, बांधकामवाले म्हणतात अर्ज देऊन ठेवा. आता जिल्हा परिषदेच्या नव्या सदस्यांकडे नेमकं काय मागायचं?

मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली. टेबलाच्या त्या बाजूने असे अर्ज ढिगाने पाहिलेत आणि खरं सांगायचं तर बरेचसे बाजूलाही सारलेत. का सारले, ते सांगितलं की तुमचं निम्मं काम होईल.

पहिली गोष्ट रस्त्याचा दर्जा. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग (कागदावर 'प्रजिमा'), इतर जिल्हा मार्ग ('इजिमा') आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. ढोबळमानाने राज्यमार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इजिमा आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. गावातल्या गल्ल्या तेवढ्या ग्रामपंचायतीच्या. म्हणजे तुमचे सरपंच 'आमचा नाही' म्हणाले ते बहुधा खरंच असेल. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघा: डोकं पिवळं तर राष्ट्रीय, हिरवं तर राज्यमार्ग, काळं असेल तर जिल्हा मार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला. पण रंगावर पूर्ण विसंबू नका. रंगवणारा ठेकेदाराचा माणूस असतो, डब्यात उरलेला रंग तो दगडाला लावतो. बांधकामच्या उपविभाग कार्यालयात जाऊन रस्त्याचा क्रमांक आणि सध्याचा दर्जा लेखी विचारा. मध्येच दर्जोन्नती झालेली असली, म्हणजे इजिमाचा प्रजिमा झाला असला, तर हस्तांतरणाचा कागद दोन कार्यालयांच्या मध्ये लोंबकळत असतो आणि त्या काळात रस्ता खरोखरच कोणाचा नसतो. तुमची टोलवाटोलवी ऐकून मला तोच संशय येतोय.

हे लेखी देत नसतील तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचा स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तर तीस दिवसांत. लोक एका अर्जात रस्ता, गटार, दिवाबत्ती आणि सरपंचाची गाडी असं सगळं कोंबतात आणि मग अर्ज परत आला म्हणून चिडतात.

आता मुख्य मुद्दा, आणि तो माझ्याच चुकीतून शिकलोय. वीसेक वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावातून ठराव आला: 'शाळेजवळील धोकादायक वळणावर लोखंडी कठडे बसविण्यात यावेत.' मी अंदाजपत्रक केलं, मान्यता आली, काम झालं. शंभर मीटर क्रॅश बॅरियर, दर दोन मीटरला एक खांब, सगळं नियमात. महिन्याभराने गावकरी आले, म्हणाले, साहेब, कठडा चुकीच्या शाळेजवळ बसलाय. गावात मराठी शाळा वरच्या वस्तीवर आणि हायस्कूल खालच्या वळणावर. मी मराठी शाळा धरली होती, अपघात व्हायचे हायस्कूलपाशी. जागेवर गेलो होतो, पण सोबत आलेल्या शिपायाने दाखवली ती शाळा पाहून परतलो. मोजमाप पुस्तिकेत काम पूर्ण, देयक अदा. त्याच वळणासाठी पुन्हा पैसे मागायला तीन वर्षं लागली, कारण वरून एकच प्रश्न यायचा: इथे काम झालंय ना?

म्हणून ठरावात 'वळण', 'शाळेजवळ', 'देवळापुढे' असलं काही लिहू नका. आमच्या भाषेत साखळी क्रमांक लिहा: 'किमी १४/२०० ते १४/३५०, ठोसेघरकडे जाताना डावी बाजू' (म्हणजे चौदाव्या दगडापुढे २०० ते ३५० मीटर; आकडे नमुन्याचे, तुमचे तुम्ही मोजा). दगडापासून टेप लावून अंतर घ्या. सोबत फोटो, आणि फोटोत तो किलोमीटरचा दगड दिसला पाहिजे. असा ठराव फेकून देणं अवघड असतं, कारण तो जवळजवळ अंदाजपत्रकच असतो. ग्रामसभेचा ठराव क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक हे आलंच.

गतिरोधकाची मागणी मात्र शक्यतो करू नका. कुठल्याही गावात गेलं तरी पहिली मागणी तीच असते. नियमातला गतिरोधक माहीत आहे का? रुंदी ३.७ मीटर, उंची दहा सेंटिमीटर, गोलसर, वरून गाडी ताशी पंचवीसने सहज जावी असा. आपल्याकडे रातोरात टाकतात तो काँक्रीटचा बांध असतो, हातभर रुंद आणि वीतभर उंच, ना पांढरा पट्टा ना आधी फलक. उतारावर, धुक्यात, मागे बायको बसलेली असताना दुचाकी त्यावर कशी उडते ते मी पाहिलंय. ती बाई वाचली, पण कमरेतून गेली. उताराच्या वळणावर आधी रंबलर पट्ट्या (गाडी थरथरवणाऱ्या बारीक उंचवट्यांच्या), बाणांचे फलक, रस्त्यात दिव्याच्या उजेडात चमकणारे कॅट आय, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे भरलेली साईडपट्टी. डांबराची कड आणि मुरूम यांच्यात चार बोटांचा खड्डा पडला की समोरून गाडी आली म्हणून खाली उतरलेली दुचाकी परत वर चढताना आडवी होते. तुमच्या तीनपैकी किती अशा पडल्या ते विचारा. मला वाटतं, निदान दोन.

आणि त्या तिन्ही अपघातांची पोलिसांत नोंद आहे का? हा प्रश्न बोचरा आहे, पण विचारायलाच हवा. महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवण्याचा निकष असा की सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. राज्यमार्ग आणि जिल्हा मार्गांवरही अधिकाऱ्याच्या डोक्यात साधारण तोच हिशेब असतो. आपण काय करतो? 'पाहुणा माणूस आहे, मिटवून टाका.' पुण्याचा पोरगा खरचटलेले गुडघे घेऊन घरी जातो, विमा तिकडे करतो, आणि आपलं वळण कागदावर स्वच्छ राहतं. आता पोलीस अपघाताची नोंद जागेच्या अक्षांश-रेखांशासह ॲपवर टाकतात. नोंद झाली तर ठिपका पडतो, आणि वरच्या बैठकीत नकाशावरचे ठिपकेच बघितले जातात.

ती बैठक म्हणजे जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये तिची तरतूद आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, पोलीस, परिवहन कार्यालय, बांधकामवाले सगळे एका टेबलाला असतात. टोलवाटोलवी संपवायला एवढी चांगली जागा दुसरी नाही, कारण 'त्यांच्याकडे जा' म्हणायची सोयच नसते. ठरावाची प्रत थेट तिथे द्या आणि पोच घ्या. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलंय: रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकाप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाखापर्यंत दंड. ते माहीत असू द्या, पण पहिल्याच पत्रात त्याची धमकी नको. धमकी आली की अधिकारी काम नाही, फक्त उत्तर तयार करतो.

आता सदस्यांकडे काय मागायचं. सातारा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होता. त्या काळात सभेत उभं राहून 'मागच्या ठरावाचं काय झालं?' विचारणारं कोणी नव्हतं. त्यामुळे तुमच्या गटाच्या सदस्याला निधी मागण्याआधी एवढंच सांगा: सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा, इतिवृत्तात साखळी क्रमांकासह येऊ द्या, आणि पुढच्या सभेत अनुपालन अहवाल, म्हणजे ठरावावर काय केलं त्याचा हिशेब, मागा. रस्ता बांधकाम विभागाचा निघाला तरी सभा तसा ठराव करून पाठवू शकते. अनुपालन हा शब्द रुक्ष आहे, पण आमची झोप उडायची ती त्यानेच. भाषण कोणी लक्षात ठेवत नाही. 'कार्यवाही सुरू आहे' हे सलग तिसऱ्या सभेत लिहिताना मात्र कनिष्ठ अभियंत्याचाही हात अडखळतो.

पर्यटनाचे पैसे येतात ते मुख्यतः जिल्हा नियोजन समितीतून, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. तिथे माझी तक्रार जुनी आहे. पर्यटन विकास म्हटलं की आपल्याला कमान, नावाची मोठी अक्षरं आणि बसायला सिमेंटचे प्राणी सुचतात. उद्घाटनाला फोटो छान येतो. वाहनतळाला जमीन लागते, ती कोणीतरी द्यावी लागते, भाऊबंदकी निघते, म्हणून तो विषय मागे पडतो. तुमच्या सदस्याने कमानीऐवजी वाहनतळ आणि साईडपट्टी मागितली तर मी स्वतः येऊन त्याला नारळ देईन.

कासचं पठार बघा. २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, गर्दी उसळली, आणि मग वन विभाग व गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी ऑनलाइन बुकिंग, दिवसाची मर्यादा, वाहनतळ हे बसवलं. पठारावर शिस्त आली. पण बुकिंग नसलेला माणूसही यवतेश्वरच्या घाटाने गाडी घेऊन वर येतोच, तिकीट नाही म्हणून रस्त्यातच थांबतो आणि कोंडी होते ती पठाराच्या अलीकडे. गेटवर माणसं मोजली जातात, रस्त्यावरच्या गाड्या नाहीत. तुमच्याकडे अजून वेळ आहे, मोजणी रस्त्यापासून सुरू करा. दोन पोरं बसवा, एका रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तासागणिक गाड्या मोजा. वहीतला तो आकडा घेऊन गेलात तर हंगामापुरती एकेरी वाहतूक किंवा अवजड वाहनांना बंदी मागता येते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे लांबलचक ट्रेलर निदान रविवारी नकोत, ही मागणी अगदी रास्त आहे. कलम ११५ खाली असा आदेश निघतो, आणि एक महिन्याच्या आतला असेल तर राजपत्राचीही गरज नसते. एसटीचं वेळापत्रक रविवारपुरतं तासभर अलीकडे घ्या म्हणून विभाग नियंत्रकांना वेगळं पत्र द्या. त्यात इतर काही लिहू नका.

वळणावरच्या कणीसवाल्या मावशींना उठवा, असं कोणीतरी ठरावात घालेलच. घालू नका. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत जी चेंगराचेंगरी झाली, त्यात डोंगरावरची अरुंद वाट आणि दोन्ही कडेची दुकानं हाही भाग होता, म्हणून मी दुकानांचा पक्ष घेतोय असं समजू नका. पण मावशी जिथे बसते तिथे गाड्या थांबतात, हे फुकटचं वाहतूक नियंत्रण आहे. तिला वळणापासून दोनशे मीटर अलीकडे, रुंद जागेत बसवा, गाड्या तिथे थांबतील. जागा ग्रामपंचायतीच्या मालकीची असली तर तिथे पार्किंगची पावतीही फाडता येईल. रस्त्याच्या हद्दीत पावती फाडायला जाल तर मात्र अंगाशी येईल.

दिवाळीनंतर जिल्हा आराखड्याची जुळवाजुळव सुरू होते, त्याआधी ठराव पोचला पाहिजे. टेप तीस मीटरचा घ्या. पाच मीटरच्या टेपने वळण मोजत बसलात तर मधल्या प्रत्येक टप्प्यात चूक वाढते. आणि किलोमीटरच्या दगडाचा फोटो इथे टाका, दोन्ही बाजूंचा. त्यावरचं गावाचं नाव आणि अंतर दिसलं की कोणत्या उपविभागात जायचं ते मी सांगतो.