शिकारीचा सल्ला : गाइड ‘थांबा’ म्हणतो तेव्हा

प्रश्न : अलास्कात डॉल मेंढ्याच्या (डोंगरातल्या पांढऱ्या रानमेंढ्याच्या) शिकारीला गेलेल्या मित्राला गाइडने दोनदा बार टाकू दिला नाही. समोर मोठा नर होता. पैसे भरणाऱ्याचा शब्द अखेरचा का नसतो?

उत्तर : तिथे बहुतेक भागांत तीनपैकी एक अट पुरी करणाराच नर मारता येतो. निदान एका शिंगाचं टोक बाजूने पाहता पूर्ण 360 अंश फिरलेलं हवं, किंवा दोन्ही शिंगं टोकाशी तुटलेली हवीत, नाहीतर वय किमान 8 वर्षं हवं. मेंढा थोडा वरून किंवा खालून दिसला तरी शिंगाचा वेढा फसवतो. दुपारी तापलेल्या दगडांवरची हवा लहरते, मग स्पॉटिंग स्कोपमध्ये (लांबचं पाहण्याच्या दुर्बिणीत) टोकच स्थिर दिसत नाही. शिंगावर दरवर्षी उमटणाऱ्या वळ्यांवरून वय मोजताना खोटी वळीही मोजली जाते आणि सात वर्षांचा नर आठचा वाटतो. म्हणून मेंढा नेमका आडवा उभा राहीपर्यंत गाइड तासन्‌तास थांबवतो, आणि ते बरोबरच आहे.

दुसरं कारण जागेचं असू शकतं. कड्याच्या धारेवर गोळी लागलेला मेंढा घळीत कोसळला, तर तिथवर उतरता येईलच असं नाही. जिथून मांस काढता येणार नाही तिथे बार टाकणं आमच्या मते चूकच. भरलेले पैसे गाइडच्या श्रमांचे असतात, मेंढ्याचे नव्हेत.

प्रश्न : शिंगं आधी खाली आणून मांसासाठी दुसरी फेरी केली तर चालेल का?

उत्तर : नाही. अलास्कात मांस आधी किंवा सोबत, शिंगं शेवटच्या फेरीला. चारही पाय, पाठीचं मांस, आतले फिलेट (कण्याच्या आतल्या बाजूचं मऊ मांस), मान, छाती आणि बरगड्यांमधलं मांसही आणावं लागतं. हाडं काढूनही साधारण 30 किलोचं ओझं होतं, त्यात तंबू आणि रायफल वेगळी. त्यामुळे किती आत जायचं हे परतीच्या ओझ्यावरून ठरवा.

मांस नासतं ते बहुधा आतल्या उष्णतेने. कातडं लगेच उतरवा, मांडीचा सांधा उघडा करा, कारण हाडालगत सर्वांत आधी आंबतं. तुकडे हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत घालून सावलीत, एकमेकांना न चिकटता ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, तिच्यात उष्णता आणि ओल दोन्ही कोंडतात.

प्रश्न : उतारावर माझी गोळी वरून का जाते?

उत्तर : गोळी वाटेत किती खाली येते हे तिरक्या नव्हे, आडव्या अंतरावर ठरतं. 30 अंशांच्या चढावर किंवा उतारावर 300 मीटर मोजलेत, तर नेम सुमारे 260 मीटरचा धरा. कोन दाखवणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) हा हिशेब स्वतःच करतो.

प्रश्न : विमानातून उतरल्या दिवशीच शिकार करता येते का?

उत्तर : अलास्कात डॉल मेंढ्याची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजेपर्यंत थांबावं लागतं. आकाशातून हेरलेल्या जनावराला निसटायची संधीच उरत नाही. मिळालेली संध्याकाळ वाऱ्याची दिशा पाहण्यात घालवा. सकाळी गार हवा दरीकडे उतरते, ऊन चढलं की वर वाहू लागते. मेंढ्यांच्या वरच्या अंगाने जायचं असेल तर निघायची वेळ त्यावरूनच ठरते.